वेगळी चूल

थोर माणसांची यादी आपल्या दापोली तालुक्याला तोंडपाठ आहे. मुरुडचे धोंडो केशव कर्वे, पालगडचे साने गुरुजी, मुर्डीचे रँग्लर परांजपे, चिखलगावचे लोकमान्यांचे घराणे. शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रास्ताविक करणारी पोरेसुद्धा ही नावे एका दमात सांगतात. करजगावचे नाव मात्र या यादीत क्वचितच येते. रेव्हरंड नारायण वामन टिळक करजगावात जन्मले. मराठी मुलांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ते ठाऊक असतात, पण ते आपल्या तालुक्याचे, हे दापोलीकरांनाच सांगावे लागते. यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ‘घरातला माणूस, गावाचा पुढारी’ असा ठरला, तेव्हा आम्हाला सर्वांत आधी टिळक आठवले, आणि त्यांच्याही आधी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई.

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा आपल्या लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन आपल्या माणसांत होत्या. ज्या नवऱ्याच्या मागून चालायचे, तोच जातीबाहेर गेलेला. पुढची काही वर्षे ताटातुटीत गेली. पुढे त्या टिळकांकडे नगरला आल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळक तोवर मिशनमधले नावाजलेले कवी आणि वक्ते झाले होते. आपल्याच बायकोने आपल्या हातचे पाणी पिऊ नये, हे चारचौघांत त्यांना किती लागत असेल! शिवाय स्वभावाने ते शांत नव्हतेच. तरीही त्यांनी ती वेगळी चूल मोडली नाही. लक्ष्मीबाईंनी जात माणसांनी केली की देवाने, या प्रश्नाचा स्वतःच पिच्छा पुरवला, स्वतःच उत्तर काढले, आणि 1900 मध्ये स्वतःच्या पायांनी चालत येऊन बाप्तिस्मा घेतला.

हे सगळे आपल्याला कळते ते त्यांच्याच ‘स्मृतिचित्रे’तून. 1934 पासून त्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. टिळकांचा संताप, घरात काय शिल्लक आहे हे न पाहता वाटून टाकण्याची त्यांची सवय, त्यापायी संसाराची झालेली ओढाताण, यातले काहीच लक्ष्मीबाईंनी झाकलेले नाही. आणि तरीही पुस्तक मिटताना टिळकांविषयीचा आदर वाढलेलाच असतो. पुढाऱ्यांची चरित्रे बहुधा शिष्य लिहितात किंवा मुले लिहितात. ज्या बाईला या माणसापायी सर्वांत जास्त सोसावे लागले, तिने साक्ष द्यावी आणि त्या साक्षीत माणूस उजळून निघावा, असे फार थोड्यांच्या वाट्याला येते. टिळकांचे कवित्व आम्हाला प्रिय आहे, पण आमच्या लेखी त्यांची खरी परीक्षा इथे झाली, आणि त्यात ते उतरले.

टिळक ज्याच्यामागे गेले, त्या ख्रिस्ताची एक कथा योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. ज्या रात्री तो पकडला गेला, त्याच रात्री त्याने कमरेला पंचा बांधला, पात्रात पाणी ओतले आणि शिष्यांचे पाय धुतले. हे काम घरच्या चाकराचे. म्हणून पेत्र आधी पाय पुढे करीना. थोड्या वेळाने आपल्याला नाकारणारा तोच पेत्र तिथे होता, आणि दगा देणारा यहूदाही होता. येशूला हे ठाऊक होते. तरी यहूदाला त्याने वगळल्याचे तिथे लिहिलेले नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातली आई रुसलेल्या, उलट बोललेल्या लेकालाही तेल-उटणे लावून आधी न्हाऊ घालते आणि आपण शेवटी न्हाते. त्या कथेतला पुढारीपणा आम्हाला याच जातीचा वाटतो.

1917 मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. ख्रिस्ताला मानणारे पण बाप्तिस्मा न घेतलेले लोकही त्यात सामील व्हावेत, हा त्यांचा आग्रह होता. घरात एकीला जी जागा दिली, तीच आता त्यांना सगळ्यांना द्यायची होती. दोनच वर्षांनी, 9 मे 1919 रोजी, ते गेले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी साठाहून अधिक अध्याय लिहून पुरे केले.

इथे मुरुडची आठवण काढणे भाग आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी 1893 मध्ये कर्व्यांनी लग्न केले, आणि गावाने ठराव करून त्यांना वाळीत टाकले. त्यांच्याबरोबर एका जाजमावर कोणी बसायचे नाही, आणि ते घरी उतरले तर आईलाही वाळीत टाकायचे. आज त्याच कर्व्यांच्या नावाच्या कमानी आपण उभारतो. वाळीत टाकणे मात्र संपलेले नाही. 2016 मध्ये महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, आणि त्यामागे आपल्या कोकणातल्या तक्रारी होत्या. गावकीच्या बैठकीत वेगळे मत मांडणाऱ्याचे पाणी, दुकान, पालखीचा मान तोडला जातो, तेव्हा तिथे बसलेले पुढारी स्वतःला धार्मिकच म्हणवतात.

दापोलीला याहून चांगले वागता येते, हे दापोलीनेच दाखवलेले आहे. अल्फ्रेड गॅडने या मिशनऱ्याच्या नावाने आजही ओळखली जाणारी इथली शाळा घ्या. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिणारे भारतरत्न पांडुरंग वामन काणे दापोलीच्या मिशन शाळेतच शिकले. साने गुरुजीही इथल्याच मिशन शाळेचे विद्यार्थी. 1947 मध्ये विठ्ठलाचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून ते पंढरपुरात उपोषणाला बसले.

पुढच्या अंकासाठी एक विनंती आहे. सरपंच, पाद्री, मौलवी, हेडमास्तर, मंडळाचे अध्यक्ष, अशा माणसांच्या घरात ज्यांनी संसार केला, त्या आई-आजींच्या आठवणी आम्हाला हव्या आहेत, गोड-कडू दोन्ही. वहीच्या पानावर, पेन्सिलीने लिहिल्या तरी चालतील. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्याकडे आमचा माणूस येऊन उतरवून घेईल.