खंड पडला म्हणून हक्क गेला काय?

आमच्या नाशिक जिल्ह्यांत एखादे वर्षीं द्राक्षबागेवर गारा पडतात, एखादे वर्षीं कांद्याचा भाव उतरतो. कोठें घरचा कर्ता पुरुष अंथरुणास खिळतो. अशा वेळीं कॉलेजांत गेलेला मुलगा शिक्षण सोडून घरीं येतो. दोन-तीन वर्षें तो घर सांवरतो, आणि मग पुन्हां पुस्तक हातीं घ्यावें असें त्यास वाटूं लागतें. कॉलेजचें दार त्यास कदाचित् उघडें सांपडेल. परंतु फीच्या सवलतीचें दारही उघडें असेलच, असें नाहीं.

महाराष्ट्र सरकारची राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नांवाची शिक्षणशुल्क शिष्यवृत्ति अनेक पालकांस ठाऊक असेल. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आंत असल्यास पात्र विद्यार्थ्याच्या फीचा सर्वसाधारणपणें निम्मा भार ती उचलते. २०२४-२५ सालापासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील पात्र मुलींची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ झाली, हेंही स्तुत्य होय. परंतु शाहू महाराजांच्या नांवाच्या या योजनेंत एक अट आहे: अभ्यासक्रम चालू असतां मध्यें दोन किंवा अधिक वर्षांचा खंड पडतां कामा नये.

अट घालणाऱ्यांचा हेतु वाईट नाहीं. पैसा जनतेचा आहे. कंटाळा आला कीं कॉलेज सोडावें व लहर लागली कीं परत यावें, अशा विद्यार्थ्यावर तो कां खर्चावा? हा प्रश्न रास्त आहे. पण आळसानें पडलेला खंड आणि आपत्तीनें पडलेला खंड यांस एकाच मापानें मोजणें न्यायाचें नव्हे.

याविषयीं एक थोर उदाहरण विचारांत घ्यावें. ज्यांनीं १९३० सालीं आमच्या नाशिकांत काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालविला, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ सालीं लंडनला अभ्यासासाठीं गेले होते. १९१७ सालीं बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि अभ्यास अर्धा टाकून त्यांस परतावें लागलें. मात्र चार वर्षांच्या आंत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठानें त्यांस दिली होती. मुंबईच्या सिडनॅम कॉलेजांत शिकवून त्यांनीं पैसा सांठविला; स्नेही नवल भथेना यांजकडून कर्ज घेतलें; शाहू महाराजांनींही साहाय्य केलें. १९२० सालीं ते पुन्हां लंडनला गेले आणि १९२३ सालीं डी. एस्‌सी. झाले. तीन वर्षांचा खंड पडलेल्या विद्यार्थ्यास ज्या महाराजांनीं हात दिला, त्यांच्याच नांवाच्या योजनेनें दोन वर्षांच्या खंडास्तव हात आंखडावा, हें विसंगत नव्हे काय?

उपाय अवघड नाहीं. आजारपण, कर्त्या माणसाचा मृत्यु किंवा पिकाचा नाश यांचा दाखला असल्यास चार वर्षांपर्यंतचा खंड क्षम्य मानावा. डॉक्टरांचे कागद, मृत्यूचा दाखला, तलाठ्यानें केलेला पंचनामा हे पुरावे सरकारास अपरिचित नाहींत. परतलेल्या विद्यार्थ्याची हजेरी व परीक्षा यांवर मग कडक लक्ष ठेवावें. त्यास कोणीही हरकत घेणार नाहीं.

नियम बदलेपर्यंत विद्यार्थ्यांनींही सावध असावें. कॉलेज सोडणें भागच पडलें तर न सांगतां निघून जाऊं नये. कारण लिहून अर्ज द्यावा व त्याची पोंच जपून ठेवावी. परततांना खंडाचें प्रतिज्ञापत्र व उत्पन्नाचा चालू दाखला तयार ठेवावा. फी भरण्यापूर्वींच कॉलेजच्या कचेरींत त्या वर्षाचे नियम विचारून घ्यावे. कारण प्रत्येक योजनेच्या अटी निराळ्या असतात. खंड दोन वर्षांहून थोडा असतां परतणें शक्य असेल, तर पालकांनीं तें लांबणीवर टाकूं नये.

संकटांत घरास खांदा देणाऱ्या मुलानें कोणताही अपराध केलेला नसतो. उलट, जबाबदारी म्हणजे काय हें तो आपल्या सोबत्यांच्या आधीं शिकलेला असतो. अशा विद्यार्थ्याची फी भरण्यांत जनतेचा पैसा वायां जाईल, असें आम्हांस वाटत नाहीं.