घरगुती यंत्रविद्या : मोटारीचे स्पार्क प्लग

“मोटारीचे प्लग घरीं बदलतां येतील काय?” असा प्रश्न एका वाचकभगिनीनें केला आहे. पेट्रोलच्या मोटारीचे अवश्य येतील. डिझेलच्या इंजिनास मात्र स्पार्क प्लग नसतातच. या कामांत बळापेक्षां धीर अधिक लागतो, हें मीं स्वतः नुकसान सोसून शिकलों आहें.

सिलिंडरांत दाबलें गेलेलें पेट्रोल व हवा यांचें मिश्रण ठिणगीनें पेटविणें, हें प्लगाचें कार्य. मोटारीचें इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असतां प्रत्येक प्लगास हें काम सेकंदास २५ वेळां करावें लागतें. साहजिकच त्याचें टोंक झिजतें व फट वाढते. मग गाडी सकाळीं कुरकुरते, चालतांना अडखळते, पेट्रोलहि अधिक खाते. निकेलचे प्लग साधारणतः ३० ते ४० हजार किलोमीटर टिकतात, इरिडियमचे त्याहून पुष्कळच अधिक. तथापि गाडीच्या पुस्तिकेंतील मुदत व तींत सांगितलेला प्लग हेंच प्रमाण मानावें.

आतां माझी चूक सांगतों. एका लग्नास निघावयाचें होतें. मुलें कपडे करून दारांत उभीं होतीं. घाईनें मीं नवा प्लग आरंभापासूनच पान्यानें फिरविला. तो तिरपा शिरला. अडतो आहे असें दिसतांच मीं जोर केला. प्लग पोलादी आट्यांचा, सिलिंडर-हेड अॅल्युमिनियमचें. अर्थात् आटे हेडचे गेले. लग्नास बसनें जावें लागलें, आणि आटे नव्यानें बसवून घेण्यास जो खर्च आला, त्यांत प्लगांचे कित्येक संच आले असते.

म्हणून क्रम असा ठेवावा. इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें. गरम हेडमधून प्लग काढल्यासहि आट्यांस इजा होते. प्लगावरील कॉईल सोडवून सरळ वर ओढावी. जुन्या गाडींत तार असल्यास तारेस न ओढतां तिच्या रबरी टोपणास धरावें. सायकलच्या पंपानें भोंवतालची धूळ उडवावी, नाहीं तर ती सिलिंडरांत पडते. एका वेळीं एकच प्लग काढावा, म्हणजे तारांची अदलाबदल होत नाहीं. नवा प्लग केवळ बोटांनीं, प्रथम किंचित् उलटा फिरवून आटा जुळल्याची जाणीव झाल्यावर, सुलटा फिरवावा. अडला तर काढून पुनः लावावा. पूर्ण बसल्यानंतरच पाना घ्यावा : वॉशर असलेल्या नव्या प्लगास सुमारें अर्धा फेरा, बिनवॉशरच्या निमुळत्या बैठकीच्या प्लगास एक-षोडशांश फेरा पुरे. खोक्यावर सूचना छापलेली असल्यास तीच पाळावी.

काढलेले प्लग तसेच टाकूं नयेत. वैद्य जीभ पाहतो तसे ते क्रमानें मांडून पाहावे. टोंक फिकट तपकिरी वा करडें असेल, तर इंजिन निरोगी. कोरडी काळी काजळी असल्यास पेट्रोल प्रमाणाबाहेर जात आहे. हवेची जाळी तुंबली आहे काय तें पाहावें. ओला तेलकट काळेपणा म्हणजे आंत इंजिनचें तेल शिरत आहे. पांढरें पडून फोड आलेलें टोंक अति उष्णतेचें लक्षण. शेवटच्या दोन प्रसंगीं कारागिराकडे जावें.

यंदा हेंच काम आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येनें केलें. तिसरा प्लग अडतांच मी संवयीनें पान्याकडे हात नेला, ती म्हणाली, “काका, थांबा. अडतो आहे म्हणजे कांहीं तरी सांगतो आहे.” तिनें तो काढला, आटे पुसले व पुनः लावला. प्लग बोटांनींच तळापर्यंत गेला. मीं पाना निमूटपणें खालीं ठेवला.

पुढील अंकीं : हवेची जाळी कशी स्वच्छ ठेवावी.