चुकीचे तीन पर्याय

(बी. कॉम. भाग 3)

हल्ली परीक्षा म्हटली की चार पर्याय आलेच. बँकेची भरती असो, रेल्वेची असो की महाविद्यालयातील प्रवेश असो, विद्यार्थ्याने फक्त अ, ब, क, ड यांपैकी एकावर बोट ठेवावयाचे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात 1915 च्या सुमारास फ्रेडरिक केली यांनी वाचनाच्या चाचणीत ही पद्धत रुळविली, ती शंभर वर्षांत साऱ्या जगाच्या मानगुटीवर बसली. प्राध्यापक मंडळी तिला नाक मुरडतात आणि विद्यार्थी मनातून खूश असतात. या जुन्या भांडणात मला पडावयाचे नाही. उत्तरे तपासण्याचे काम यंत्राकडे जाऊन बरीच वर्षे झाली. आता प्रश्न काढण्याचे कामही यंत्राकडे जात आहे, त्याविषयी मला बोलावयाचे आहे. आणि तेही ज्या भाषेचे आपल्याला ओ की ठो कळत नाही त्या चिनी भाषेच्या प्रश्नांविषयी!

कॉमर्सच्या मुलाला चिनी भाषेची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इंदूरच्या सांवेर रोडवर मिळते. इंदूरहून सांवेरकडे आणि पुढे उज्जैनकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या दोन्ही अंगांना लहान-मोठ्या कारखान्यांची दाट वस्ती आहे. माझे मामा तेथे प्लास्टिकच्या एका छोट्या कारखान्यात हिशेब पाहतात. गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे महिनाभर होतो. कारखान्यातले मुख्य यंत्र चीनहून आलेले. त्याच्या बटणांवरची अक्षरे चिनी, आणि त्यांच्या शेजारी कामगारांनी चिकटपट्टीवर हिंदीत लिहिलेले अर्थ. पट्टी तेलाने काळी पडली की नवीन लावावयाची. मामा म्हणाले, ‘‘तू शिकतोस ना फोनवर चिनी? मग हे वाच बघू.’’ आमच्या वर्गातील आम्ही पाच जण गेल्या वर्षापासून फोनवरून चिनी शिकत आहोत. तिघे मराठी शाळांतून आलेले, दोघे कन्नड शाळांतून.

त्या यंत्रावर दोन बटणे शेजारी-शेजारी होती. एकाचा उच्चार साधारण ‘च-तुंग’ (यातला च ‘चाक’मधला) आणि दुसऱ्याचा ‘शोउ-तुंग’. ‘तुंग’ म्हणजे हलणे, ‘च’ म्हणजे स्वतः आणि ‘शोउ’ म्हणजे हात. म्हणजे आपले स्वयंचलित आणि हस्तचलित, अगदी शब्दाला शब्द! दोन्ही बटणांवरचे दुसरे चिन्ह एकच आहे, फरक काय तो पहिल्यात. साचा साफ करण्यासाठी कामगाराचा हात आत असेल आणि ‘हस्तचलित’च्या जागी ‘स्वयंचलित’ दाबले गेले तर काय होईल, हे सांगावयास नकोच. परीक्षेत चुकीच्या पर्यायाला पाव गुण कापतात. येथे हिशेब निराळा आहे.

त्याच संध्याकाळी आम्ही मामांच्या फोनवर यंत्राला सांगितले, या शब्दांवर वीस बहुपर्यायी प्रश्न काढ. मिनिटभरही लागले नाही. ‘च-तुंग’ म्हणजे काय? पर्याय: स्वयंचलित, सफरचंद, शिक्षक, काल. आता सांगा, हा प्रश्न कोणाला चुकेल? ज्याला एकही चिनी अक्षर येत नाही तोसुद्धा कारखान्यात उभा असेल तर बरोबर उत्तर देईल. खरा प्रश्न असा हवा होता: स्वयंचलित, हस्तचलित, सुरू करणे, थरथरणे. या चारही शब्दांत चिनी भाषेत ‘तुंग’ येतो, चारही शब्द यंत्राजवळ भेटतात, आणि चारही चिन्हे डोळ्याला फसवितात. असा प्रश्न ज्याने सोडविला त्याला बटणाजवळ उभे करण्यास हरकत नाही.

यात यंत्राचा दोष किती आणि आपला किती हे पाहण्यासाठी ते काम कसे करते हे थोडक्यात समजून घेतले पाहिजे. प्रथम त्याला चिनी मजकुरातील शब्द वेगळे करावे लागतात, कारण चिनी लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. आपल्या मोडीतही शब्द तोडून लिहीत नसत, आणि जुने दफ्तर वाचणाऱ्यांना तेथेच अडावयास होते. ‘येन-च्यू-शंग-मिंग’ अशी चार चिन्हे ओळीने आली तर ती ‘संशोधन’ आणि ‘जीवन’ अशी तोडावयाची, की ‘संशोधक विद्यार्थी’ आणि ‘प्राण’ अशी? हे मागच्या-पुढच्या मजकुरावरून ठरते. नंतर यंत्र एक शब्द गाळते. गाळलेला शब्द हेच बरोबर उत्तर, त्याला शोधावे लागतच नाही. उरतात तीन चुकीची उत्तरे. ती यंत्र साठ्यातून उचलते: त्याच जातीचा शब्द, साधारण तितकाच वापरात असलेला, कधी उच्चाराने किंवा चिन्हाने जवळचा. 2022 च्या अखेरीस चॅट-जीपीटी आल्यापासून तर हेही नियम लिहून द्यावे लागत नाहीत, साध्या भाषेत सांगितले की पुरते.

माल घाऊक आणि जवळजवळ फुकट तयार होतो. पण आम्ही कॉमर्सवाले लगेच विचारतो, तपासणीचा खर्च कोठे धरला? चाळीस प्रश्नांच्या पेपरात, चारही पर्याय सारखेच दमदार असतील तर डोळे मिटून टिचक्या मारणाऱ्याला सरासरीने दहा गुण मिळतील. प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय ‘सफरचंद’ छापाचे असतील तर त्यालाच वीस मिळतील. हे वीस गुण चिनी भाषेचे नव्हेत, प्रश्न काढणाऱ्याच्या आळसाचे आहेत.

याच्या उलट घोटाळाही होतो, तो म्हणजे दोन पर्याय बरोबर निघणे. चिनीत वस्तू मोजताना आकड्यानंतर एक मापशब्द घालावा लागतो: पुस्तकांना एक, कागदासारख्या सपाट वस्तूंना दुसरा, मासा किंवा रस्ता अशा लांबट वस्तूंना तिसरा, यंत्रांना ‘थाय’. इंग्रजी पुस्तके या प्रकरणाचा मोठा बाऊ करतात. मराठी शाळेत गेलेल्या मुलाने बाऊ करण्याचे कारण नाही. केळ्यांचा घड, किल्ल्यांचा जुडगा, भाकऱ्यांची चवड, नाण्यांची चळत, बांबूंचे बेट – हे समूहदर्शक शब्द आपण छडीच्या धाकाने पाठ केलेले आहेत. व्याकरण अर्थातच वेगळे, कारण चिनीत एका पुस्तकालाही मापशब्द लागतो. पण वस्तू पाहून शब्द निवडण्याची सवय आपल्या अंगात आहे. यंत्र मात्र या धड्यावर प्रश्न काढताना पर्यायांत ‘क’ हा सर्वसाधारण मापशब्द हमखास टाकते, आणि बोलण्यात तो पुष्कळ ठिकाणी चालून जातो. मग विद्यार्थ्याने बरोबर लिहिले तरी चूक ठरते, आणि दाद कोणाकडे मागावयाची? यंत्राकडे?

माझा खरा मुद्दा याहून पुढचा आहे. चुकीचा पर्याय कोणासाठी चुकीचा? फोनवर मिळणारे बहुतेक चिनी धडे इंग्रजी बोलणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले आहेत, आणि त्याच्या चुका आपल्या चुका नव्हेत. पिनयिन ही चिनीची रोमन लेखनपद्धती चीनने 1958 साली स्वीकारली. तिच्यात ‘बी’ आणि ‘पी’ ही अक्षरे आहेत, पण त्यांचे उच्चार ब आणि प असे नाहीत. ते आहेत जवळजवळ प आणि फ (ओठ मिटून काढलेला खरा फ). तसेच ‘डी’ आणि ‘टी’ म्हणजे त आणि थ यांच्या जवळचे, ‘जी’ आणि ‘के’ म्हणजे क आणि ख. बीजिंग या नावाचा उच्चार म्हणूनच पेइचिंगकडे झुकतो. अल्पप्राण-महाप्राण हा भेद इंग्रजी कानाला मुद्दाम शिकवावा लागतो, आपण तो बाराखडीबरोबर शिकलो. आणि तरी आपण रोमन दरवाजातून आत शिरतो, प ला ब म्हणावयास शिकतो, आणि मग तो सोडविण्यासाठी वीस-वीस प्रश्न सोडवितो!

‘च’चेही तसेच. ‘चाक’मधला च वेगळा आणि ‘चिमणी’मधला वेगळा. आपण अक्षर एकच लिहितो म्हणून हा भेद आपल्याला माहीतच नसतो, पण जिभेला तो पक्का ठाऊक आहे. चिनीत हे दोन वेगळे वर्ण आहेत, शिवाय जीभ मागे वळवून काढावयाचा तिसरा. मराठी मुलाला पहिले दोन फुकट मिळतात, तिसऱ्यावर घाम गाळावा लागतो. ज्याला केवळ कन्नडच येते त्याला ‘चाक’मधला चसुद्धा नवा. बोलीतल्या कन्नडमध्ये महाप्राणही बरेच सौम्य होतात (कन्नड विभागाच्या वाचकांनी रागावू नये, आमच्याही ‘ण’चा काही भागांत ‘न’ होतोच), तेव्हा प-फचा सराव तिकडे अधिक लागेल. म्हणजे एकाच वर्गातल्या, एकाच बाकावरच्या दोघांना चुकीचे पर्याय निराळे हवेत.

काही ठिकाणी मात्र दोघेही सारखेच नशीबवान. ‘मी घेतलेले पुस्तक’ याला कन्नडमध्ये ‘नानु कोंड पुस्तक’ म्हणतात, आणि चिनीत ‘वो माइ त शू’. तिन्हींत ‘घेतलेले’ आधी आणि पुस्तक शेवटी. इंग्रजीत पुस्तक आधी येते आणि बाकीचे शेपूट मागे, म्हणून इंग्रजी विद्यार्थ्याला या रचनेचा डोंगर वाटतो. ‘तू येतोस का?’ हा प्रश्न चिनीत ‘नी लाइ मा?’ असा. आपला ‘का’ जेथे, त्यांचा ‘मा’ तेथेच. कन्नडमधल्या ‘नीनु बरुत्तीया?’ मध्येही प्रश्नाची खूण शेवटीच येते. या दोन गोष्टींवरचे प्रश्न आमच्या फोनवर पुन्हा पुन्हा येतात आणि आम्ही ते झोपेतही सोडवितो. आणि एक गोष्ट फक्त मराठीच्या वाट्याची. उत्तर चीनच्या बोलीत ‘आम्ही’ला ‘वोमन’ आणि ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ला ‘चान्मन’ असे दोन शब्द आहेत. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द, कन्नडमध्येही ‘नावु’ एकच. मात्र ‘वोमन’ दोन्ही अर्थांनी चालतो, म्हणून हे दोन्ही शब्द एकाच प्रश्नात पर्याय म्हणून आले की प्रश्न बहुधा बिघडलाच.

नव्या यंत्रांना हे सारे समजावून सांगितले तर ती बरे प्रश्न काढतात, हे मी नाकारीत नाही. ‘च-तुंग’चा प्रश्न आम्ही दुसऱ्यांदा सांगून काढून घेतला तेव्हा चांगला निघाला. पण समजावून सांगणाऱ्याला आधी ठाऊक हवे ना! मराठी माणूस चिनी शिकताना नेमका कोठे अडखळतो हे ज्यात टिपले आहे असे पुस्तक आमच्या हाती तरी आलेले नाही. शिकविणारेही विरळाच. शांतिनिकेतनात 1937 पासून चीन भवन आहे, दिल्लीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चिनीचा अभ्यास होतो. पण सीमाभागातल्या मुलाला ही ठिकाणे चंद्राइतकीच दूर. नव्या शैक्षणिक धोरणाच्या 2019 च्या मसुद्यात शाळेत शिकावयाच्या परदेशी भाषांच्या उदाहरणांत चिनी होती, 2020 च्या धोरणातून ती गेली. इकडे 2022 साली केंद्रीय विद्यापीठांची पहिली सामाईक प्रवेश परीक्षा झाली, तिच्या भाषांच्या यादीत मात्र चिनी होती! शिकविणार कोणी नाही, परीक्षा मात्र होती. आणि परीक्षा म्हणजे पुन्हा तेच चार पर्याय.

येथे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण होते. ते 1938 साली वैद्यकीय पथकातून चीनमध्ये गेले, तेथे भाषा शिकले, रुग्ण तपासले, विद्यार्थ्यांना शिकविले आणि 1942 साली तेथेच वारले. खाटेवरच्या जखमी सैनिकाने त्यांना पर्याय दिले नव्हते. कोठे दुखते ते तो त्याच्या गावच्या बोलीत सांगत असणार, आणि यांना ते समजून घ्यावे लागत असणार. म्हणून पर्यायांवर सारी भिस्त ठेवू नये, तोंडाने बोलण्याची परीक्षाही हवी, असे मला वाटते. पण सांवेर रोडवरच्या कामगाराला बोलावयाचे नाही, बटण ओळखावयाचे आहे. त्याच्यापुरता चार पर्यायांचा प्रश्न चांगलाच उपयोगी आहे, अट एवढीच की ते पर्याय त्याच्या यंत्रावरचे हवेत.

माझी सूचना खर्चाची नाही. आपल्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात एक जाड वही ठेवावी, खतावणीसारखी. आम्ही पाच जण आणि पुढे जे येतील ते, शिकताना ज्या-ज्या ठिकाणी चुकतील ती चूक तेथे तारीख घालून लिहावी. डाव्या पानावर मराठी मुलांच्या चुका, उजव्या पानावर कन्नड मुलांच्या. वर्षभरात दोनशे-तीनशे नोंदी सहज होतील. त्या यंत्राला द्याव्यात आणि सांगावे, चुकीचे पर्याय यांतूनच उचल. मग निघालेले प्रश्न दोन्ही विभागांच्या प्राध्यापकांनी एकदा नजरेखालून घालावेत. मामांच्या कारखान्यातील बटणांची यादी मी उतरवून आणली आहे, तीही वहीत चिकटविता येईल.

पहिले पान आमच्या शाखेला शोभेल अशा जोडीला द्यावे. चिनीत ‘माइ’ म्हणजे विकत घेणे आणि ‘माइ’ म्हणजेच विकणे! आवाज खाली नेऊन वर उचलला तर खरेदी, वरून एकदम खाली टाकला तर विक्री. आजच्या लिपीत खरेदीच्या चिन्हाच्या डोक्यावर अधिकाच्या खुणेसारखी एक फुली ठेवली की विक्री होते. आणि दोन्ही एकापुढे एक म्हटले की ‘माइमाइ’, म्हणजे व्यापार. मराठी कान या दोन सुरांत नेमका कोठे फसतो त्याच्या सात नोंदी आमच्याकडे तयार आहेत. उजवे पान अजून कोरे आहे; कन्नड विभागातील मित्रांनी सोमवारपासून मधल्या सुटीत वाचनकक्षात यावे.