बोटमालकांनो, तपासणीची मजुरी द्या!

१ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारीबंदी संपली की कोकण किनाऱ्यावरील इंजिन दुरुस्तीच्या दुकानांत गर्दी होते. हर्णै, दाभोळ, मिरकरवाडा, राजपुरी, कुठेही जा, तक्रार ठरलेली असते. "इंजिन सुरू होते, पण रेस दिली की बसते." उत्तरही ठरलेले असते. "कार्बोरेटर गेला, बदलावा लागेल." मोठ्या ट्रॉलरवर डिझेल इंजिन असते, त्याला कार्बोरेटर नसतो. हा प्रश्न छोट्या होड्यांच्या मागे बसवलेल्या पेट्रोलच्या जुन्या आउटबोर्ड इंजिनांचा आहे, आणि त्यांवर पोट असणारी कुटुंबे किनाऱ्यावर थोडीथोडकी नाहीत.

आमचे स्पष्ट मत असे, की यात दोष एकट्या मेकॅनिकचा नाही. मालक नव्या सुट्या भागाचे पैसे कुरकुर न करता देतो. पण कोणी दोन तास खपून "तुमचा कार्बोरेटर ठीक आहे, टाकीत पाणी आहे" असे सांगितले, तर त्या दोन तासांची मजुरी द्यायला त्याचा हात आखडतो. जिथे निदानाला किंमत नाही तिथे भाग बदलण्याचाच धंदा चालणार.

लक्षणे काय सांगतात?

पेट्रोल इंजिनाला साधारण एक भाग पेट्रोलला पावणेपंधरा भाग हवा, वजनाने, लागते. पेट्रोल जास्त झाले तर मिश्रण 'रिच', हवा जास्त झाली तर 'लीन'. रिच झाल्यास इंजिन हलक्या रेसवर अडखळते, पेट्रोल जास्त पिते, प्लग काजळीने काळा व ओला होतो. लीन झाल्यास रेस देताच इंजिन दचकते, कार्बोरेटरमधून शिंकते, तापते, आणि प्लगचे चिनीमातीचे टोक पांढरेफटक दिसते. रिच मिश्रण खिसा रिकामा करते. लीन मिश्रण पिस्टनला भोक पाडते. म्हणूनच अंदाजाने स्क्रू फिरवणे हा पोरखेळ नव्हे.

मोटारसायकलचा धूर पाहून मेकॅनिक बरेच ओळखतो. आउटबोर्डचा धूर मात्र बहुधा पाण्याखालून जातो, त्यामुळे प्लग वाचायलाच हवा. तोही किनाऱ्यावर इंजिन नुसते गुरगुरवून नव्हे. खाडीच्या शांत पाण्यात होडीवर नेहमीचा भार ठेवून इंजिन नेहमीच्या वेगाने चालवावे, त्याच वेगावर बंद करावे आणि मग प्लग काढावा. रेस कमी करून रमतगमत धक्क्यावर आणलेल्या इंजिनाचा प्लग हलक्या रेसचीच हकीकत सांगतो.

पाना हातात घेण्यापूर्वी

क्रम असा असावा. प्रथम ठिणगी आणि कॉम्प्रेशन पाहावे, कारण ठिणगी कमजोर असली तरी प्लग काळा व ओला होतो आणि बदनाम होतो कार्बोरेटर. मग टाकी. तिच्या झाकणावरचे हवेचे छिद्र बंद असेल तर इंजिन काही मिनिटे छान चालून मरते. झाकण सैल करताच सुधारले तर दुरुस्ती फुकटात झाली. तळातले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवावे. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसेल.

त्यानंतर नळी आणि गाळणी. इंजिन वेगात मंदावत असताना नळीवरचा रबरी फुगा हाताने दाबावा. इंजिन लगेच उचल खात असेल तर पेट्रोल पुरेसे पोहोचत नाही. तेव्हा नळी, गाळणी, पंप तपासावेत. फुगा दाबून फरक नाही, पण चोक किंचित ओढताच सुधारते, तर मिश्रण लीन आहे. चोकने आणखी बिघडते, तर रिच.

एवढे झाल्यावर कार्बोरेटरची पाळी. इंजिनाला दोन-तीन कार्बोरेटर असतील आणि एकाच सिलिंडरचा प्लग वेगळा दिसत असेल, तर संशय त्याच्याच कार्बोरेटरवर घ्यावा. सर्व प्लग सारखेच बिघडलेले असतील तर आधी सामाईक कारण शोधावे. फक्त हलक्या रेसवर त्रास असेल तर आयडलचे जेट, फक्त जोराच्या रेसवर असेल तर मुख्य जेट पाहावे. कार्बोरेटर वाहत असेल तर फ्लोटची सुई. जेट तारेने कोरू नये; पितळेचे छिद्र मोठे झाले की मिश्रण कायमचे बिघडते.

बदललेले पेट्रोल

२०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉलला जळण्यासाठी पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणून जुन्या ठरीव जेटच्या इंजिनात तेच मिश्रण थोडे लीन पडते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात, आणि नळी तळातूनच ओढते. जुन्या रबरी नळ्याही त्याने खराब होतात. म्हणून बंदीच्या आधी टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी. वाटीत दोन महिने राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे जेट बुजवणारा चिकट थर ठेवते.

एक गैरसमज येथेच दूर करू. टू-स्ट्रोक इंजिनात "ऑइल जास्त घातले तर इंजिन सुरक्षित" असे समजतात. कंपनीने पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, सांगितले असेल तर तेवढेच घालावे. ऑइल वाढले की त्याच जेटमधून पेट्रोल तेवढे कमी जाते, म्हणजे मिश्रण उलट लीन होते.

धंद्याचा हिशेब

आमच्या मेकॅनिक बांधवांना आमची सूचना आहे, की तपासणीची वेगळी मजुरी ठरवा, ती दुकानात फळ्यावर लिहा, आणि काढलेला जुना भाग व प्लग मालकाच्या हातात द्या. सुरुवातीला दोन गिऱ्हाइके परत जातील, पण ज्यांचा हंगाम वाचेल ते दहा जणांना सांगतील. किनाऱ्यावरच्या तरुणांनी तर हे काम अवश्य शिकावे. फुगा, बाटली, प्लगपाना, चिकाटी एवढ्यावर तपासणीची सुरुवात होते.

आणि मालकांनो, खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत असताना इंजिन बसले, तर होडीत तुमची माणसे असतात. नव्या कार्बोरेटरला तुम्ही पैसे मोजता, ते टाकीतल्या पाण्यावर इलाज करत नाहीत. दोष शोधून देणाऱ्याला त्याची मजुरी द्या. ती वाचवण्यात शहाणपण नाही.