रीती, अलंकार आणि हेरिंगबोनची फरशी

साहित्याच्या अभ्यासकाने घराच्या फरशीविषयी लिहू नये, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. फरशी हा गवंड्याचा, दुकानदाराचा आणि फार तर गृहकर्ज फेडणाऱ्याचा विषय. समीक्षकाने आशय, रूपबंध, शैली वगैरेंत रमावे. गंमत अशी, की शैलीविषयीचा जो घोळ उत्तरपत्रिकेत घातला तर विद्यार्थी नापास होईल, तोच घोळ फरशीच्या दुकानात राजरोस विकला जातो आणि तो विकत घेणाऱ्यांत आपण प्राध्यापक मंडळीही असतो. तेव्हा हा संकेत मोडणे भाग आहे.

निमित्त आहे ते 'हेरिंगबोन' या मांडणीचे. अलीकडे मध्यमवर्गीय कुटुंब नवे घर घेते किंवा जुन्याची दुरुस्ती काढते, तेव्हा दिवाणखान्यात ही मांडणी हवी असा आग्रह बरेचदा असतो. ती मूळ लाकडाची, म्हणून महाग. मग 'परवडणारे हेरिंगबोन' या नावाखाली दुकानदार काही वस्तू पुढे करतो. माझे म्हणणे थोडक्यात असे: हेरिंगबोन ही रीती आहे, अलंकार नव्हे. ज्याला ती रीती म्हणून हवी आहे, त्याला ती खरोखर स्वस्तात मिळू शकते. ज्याला अलंकार म्हणून तिचे चित्र विकले जाते, त्याने कितीही घासाघीस केली तरी तो महागात पडतो.

आधी वस्तू समजून घेऊ. हेरिंग हा युरोपीय समुद्रांतला मासा. त्याच्या काट्यासारखी दिसते म्हणून ही हेरिंगबोन. आयताकृती तुकडे काटकोनात एकमेकांना भिडवायचे. एकाचे टोक दुसऱ्याच्या कुशीत टेकवायचे. त्यातून पायऱ्यापायऱ्यांची नागमोडी ओळ तयार होते. (टोके तिरकी कापून सरळ रेषेत जुळवली, तर तिला शेव्हरॉन म्हणतात. दुकानात ही दोन्ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. शेव्हरॉनमध्ये प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोके कापावी लागतात, त्यामुळे माल आणि मजुरी दोन्ही जास्त.) प्रत्येक तुकडा शेजाऱ्याला अडवून धरतो, एका दिशेने आलेला जोर दुसऱ्या दिशेच्या तुकड्यांत वाटला जातो. नक्षी दिसते, पण ती या अडवाअडवीचा परिणाम आहे.

रोमन लोक विटा अशा कणसासारख्या रचून जमिनी करीत. रोममधील ट्राजनच्या बाजारपेठेत त्या आजही पाहता येतात. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात उभारला, तो खालून लाकडी साच्याचा आधार न देता. चढत्या थरांतल्या विटा घसरू नयेत म्हणून त्याने ही काट्याची रचना योजली होती. युरोपातील लाकडी जमिनींनाही तिने एक व्यावहारिक सोय दिली. लाकूड हवेतल्या दमटपणाने आडवे फुगते आणि आकसते. तुकडे आखूड ठेवले आणि दिशा आलटूनपालटून ठेवली की ही हालचाल विभागली जाते. शिवाय लाकडाचे छोटे तुकडेही कामी येतात. म्हणजे जिला आपण आज श्रीमंती थाट समजतो, तिच्या मुळाशी काटकसरही आहे.

आणि ती पाहायला रोमला किंवा पॅरिसला जायला नको. पेट्रोलपंपावर, पदपथावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सिमेंटचे पेव्हर ब्लॉक कितीतरी ठिकाणी याच पद्धतीने बसवलेले असतात, कारण वळणाऱ्या चाकांचा आडवा रेटा ही मांडणी उत्तम पेलते. दिवाणखान्यात जिच्यासाठी कर्ज वाढवून घ्यायचे, तिच्यावर आपण रोज स्कूटर लावतो. तिथे ती आपल्याला दिसत नाही, कारण तिथे तिच्यावर लाकडाचे सोंग नाही.

वामनाने आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास रीतीला काव्याचा आत्मा मानले आणि रीती म्हणजे पदांची वैशिष्ट्यपूर्ण रचना असे सांगितले, हे आपण दरवर्षी शिकवतो. त्याचे मत पूर्णपणे मान्य असो वा नसो, त्यातला भेद मोलाचा आहे. रचना ही पदे कशी ठेवली यातून येते; ती वेगळी विकत आणता येत नाही. हेरिंगबोन तंतोतंत अशी आहे. ती विटेत असते, दगडात असते, सिमेंटात असते. लाकडाशी तिचे लग्न लागलेले नाही.

आता बाजार काय विकतो ते पाहा. पहिली वस्तू लाकडाच्या छापाची व्हिट्रिफाइड टाइल. मोरबीच्या कारखान्यांतून येणाऱ्या या लांबट फळ्यांवर शाईचे फवारे मारून सागाच्या किंवा ओकच्या रेषा छापलेल्या असतात. दुसरी लॅमिनेट: दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या पाट्यावर लाकडाचे छायाचित्र असलेला कागद आणि त्यावर पारदर्शक कठीण थर. तिसरी वस्तू या सर्वांवर कडी करणारी: दोन फूट बाय दोन फुटांची एकच चौकोनी टाइल, जिच्यावर संपूर्ण हेरिंगबोनच छापलेले असते. सांधे छापील, सावल्या छापील. इथे रीतीचा पूर्ण अंत झाला. उरला फक्त तिचा फोटो.

यावर सुशिक्षित आक्षेप ठरलेला असतो: कला म्हणजे अनुकृतीच, मग फरशीने नक्कल केली तर बिघडले कुठे? आक्षेप गंभीर आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. भ्रांतिमान अलंकारात एक वस्तू दुसरी समजली जाते. पण फसतो तो काव्यातला भुंगा किंवा चकोर, रसिक नव्हे. रसिकाला भ्रम हा भ्रम म्हणून कळतो आणि त्यातच त्याचा आनंद असतो. छापील सागाची अपेक्षा नेमकी उलटी: पाहुण्याने फसावे आणि यजमानाने गप्प राहावे. जॉन रस्किनने १८४९ मध्ये वास्तुकलेतील खोटेपणाची यादी केली, तीत एका पदार्थावर दुसऱ्याचा आभास रंगवण्याला ठळक जागा होती. आडॉल्फ लोसने १८९८ मध्ये आच्छादनाचा नियम मांडताना लाकडाला कोणताही रंग द्यायची मुभा दिली, फक्त लाकडाचा सोडून. हे दोघे नीतीचे कडक शिक्षक होते हे मान्य. पण आपल्या बाबतीत त्यांच्याहून कठोर समीक्षक घरातच आहे: तळपाय. आपण चपला दाराशी काढतो. थंड देशात लाकूड पायाला उबदार लागते म्हणून ते हवेसे वाटते. आपल्या वैशाखात दगडाचा गारवा हेच सुख. छापील सागावर पाय ठेवताच डोळा एक सांगतो आणि तळपाय दुसरेच. हा काही अर्थांच्या दुहेरीपणाचा रसास्वाद नव्हे. ही साधी विसंगती आहे.

शिवाय नक्कल कंजूस असते. खऱ्या लाकडाच्या दोन फळ्या सारख्या नसतात. छापील मालात ठरावीक संख्येचीच चित्रे असतात, त्यामुळे तीच गाठ, तीच चीर खोलीभर पुन्हा पुन्हा भेटते. कवितेत आपण याला पुनरुक्तिदोष म्हणू. लांब टाइलमध्ये अनेकदा भाजणीमुळे किंचित बाकही असतो. काट्याच्या मांडणीत एकीचे टोक दुसरीच्या लांब कडेला भिडले, की एक कडा वर आणि एक खाली राहते. तिथे ठेच लागते ती घरातल्या वृद्धांना. लॅमिनेटची अडचण वेगळी. आपल्याकडे फरशी ओल्या फडक्याने पुसली जाते, पावसाळ्यात खिडकीतून पाणी येते आणि सांध्यातून मुरलेल्या पाण्याने तो भुशाचा पाटा फुगतो.

'परवडणे' या क्रियापदाचा आपण फार संकुचित अर्थ लावला आहे. दुकानदार चौरस फुटाचा भाव सांगतो. कुटुंबाला मात्र ती फरशी वीस-तीस वर्षे वापरायची असते. टाइलचा टवका उडाला की छापाखालचा पांढरा किंवा करडा गाभा उघडा पडतो आणि तो पॉलिशने झाकत नाही. हिशेब असा करावा. दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट. सरळ मांडणीत कापाकापीची तूट साधारण ५ टक्के धरतात, म्हणजे १२६ चौरस फूट माल. हेरिंगबोन तिरके बसवले तर १५ टक्के धरावी, म्हणजे १३८. फरक १२ चौरस फुटांचा. तुकडे भिंतींना समांतर आणि लंब ठेवून, म्हणजे ९० अंशांत मांडले, तर कडा सरळ कापल्या जातात आणि हा फरकही घटतो. काट्याची पायरी तरीही दिसते. म्हणजे मांडणीमुळे मालाचा खर्च फारसा वाढत नाही. वाढते ती मजुरी. आणि तिथेच या वादाचा खरा मुद्दा आहे.

काट्याच्या मांडणीत खोलीचा मध्य काढावा लागतो, गुण्या लावून काटकोन धरावा लागतो, दोरी ताणावी लागते. पहिल्या चार तुकड्यांत केसभर चूक झाली तर भिंतीपाशी ती बोटभर होते. हे कौशल्य फरशी बसवणाऱ्या कारागिराचे. छापील चौकोन घेतला की त्या कौशल्याची गरज संपते, पैसे छपाईला जातात आणि कारागीर केवळ चिकटवणारा उरतो. तेच पैसे साध्या दगडावर आणि चांगल्या हातावर खर्च करता येतात. कोटा दगड घ्या. राजस्थानात रामगंजमंडीच्या परिसरातून येणारा हा हिरवट-निळसर किंवा तपकिरी चुनखडक हव्या त्या मापाच्या पट्ट्यांत कापून मिळतो. लांबी रुंदीच्या नेमक्या पटीत ठेवावी, ३ इंच बाय १२ किंवा ४ बाय १६. रंग आरपार असतो. झिजला तर पुन्हा घासून पॉलिश करता येतो. पण कोटा म्हटले की नाके मुरडली जातात. का? तर तो जिन्यात असतो, शाळेत असतो, सरकारी दवाखान्यात असतो. त्याचा गुन्हा एवढाच, की तो सर्वांचा आहे. शहाबादी फरशीचेही तेच झाले. कर्नाटकातून आलेल्या त्या दगडावर चाळींतल्या पिढ्या वाढल्या, म्हणून तिच्या पुढच्या पिढीला तो नकोसा. आपण साहित्यात सामान्यांच्या बोलीचे कौतुक करतो आणि घरात सामान्यांचा दगड लपवतो.

हे अलंकारद्वेष्ट्याचे बोलणे समजू नये. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या भारत टाइल्ससारख्या कारखान्यांच्या नक्षीदार सिमेंट फरश्या मुंबईच्या जुन्या इमारतींत अजूनही टिकून आहेत. त्यांची नक्षी उघडउघड नक्षी होती, कशाचे सोंग नव्हते, आणि तिच्या रंगाला जाडी होती. तसेच हे सारवलेल्या जमिनीचे गहिवरगीतही नव्हे. सारवणात बोटांचे अर्धगोल उमटत, ते सुंदरच; पण दर चार दिवसांनी कंबर मोडत ती सारवत होती घरातली बाई. तिला पुसायला सोपी फरशी मिळाली हे भलेच झाले. म्हणूनच दगडाचे दोषही सांगितले पाहिजेत. चुनखडकावर लिंबू, कोकम किंवा फरशी धुण्याचे ॲसिड पडले तर डाग पडतो. २५ मिलिमीटर जाडीचा दगड चौरस मीटरला ६० किलोंच्या आसपास भरतो, खालच्या मसाल्याचे वजन वेगळे. वरच्या मजल्यावर जुन्या फरशीवरच तो चढवू नये, अभियंत्याला विचारावे. वजन झेपत नसेल तर आरपार एकरंगी, छाप नसलेल्या छोट्या व्हिट्रिफाइड टाइल घ्याव्यात. त्या लाकूड असल्याचा आव आणत नाहीत. संपूर्ण घराला हेरिंगबोन नको. एका खोलीत करावे, बाकी सरळ मांडणी. आणि बिल्डरने दिलेली फरशी धडधाकट असेल, तर ती फोडून राडारोडा वाढवण्यापेक्षा तिच्यावरच सतरंजी अंथरणे सर्वांत परवडणारे.

एक गोष्ट मात्र कुठल्याही हिशेबाच्या बाहेर ठेवता येणार नाही. तिरक्या मांडणीत कडेचा जवळजवळ प्रत्येक तुकडा कापावा लागतो. कोरड्या कटरने टाइल कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात साचून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. पाणी सोडून कापले तर धूळ पुष्कळ कमी होते. घरमालकाने पाण्याची सोय करून द्यावी, चांगले मास्क आणून द्यावेत आणि त्या कामाला लागणारा जादा दिवस मजुरीत धरावा. हा दिवस वाचवून मिळालेली स्वस्ताई कोणाच्या तरी छातीतून वसूल झालेली असते.

तेव्हा दुकानात गेल्यावर तीनच प्रश्न विचारावेत. टवका उडाला तर आत कोणता रंग निघेल? दहा वर्षांनी घासून पुन्हा पॉलिश करता येईल का? आणि ही नक्षी यंत्राने छापली आहे, की माझ्या घरात कोणी तरी हाताने मांडणार आहे? तिसऱ्या प्रश्नावर विक्रेता बहुधा गोंधळेल. रीती आणि अलंकार यांतला फरक वर्गात शिकवणाऱ्यांनी तरी तिथे गोंधळू नये.