शस्त्रांचे सिंहासन

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक आसन आहे. दुरून ते साध्या लोखंडी खुर्चीसारखे भासते. जवळ गेल्यावर ध्यानात येते, की त्याचे पाय, हात आणि पाठ बंदुकांच्या तुकड्यांची आहे. मोझांबिकचे शिल्पकार क्रिस्तोवाव कान्यावातो, म्हणजेच ‘केस्टर’, यांनी ते २००१ मध्ये घडविले.

१९७५ मध्ये पोर्तुगीज सत्तेपासून मुक्त झालेला मोझांबिक लवकरच यादवी युद्धात सापडला. १९९२ च्या तहापर्यंत लाखो माणसे मृत्युमुखी पडली. केस्टर यांच्या दोन आप्तांनी पाय गमावले. एका स्त्रीचा पाय सुरुंगावर पडला, तर एक नातलग लढताना जायबंदी झाला. तह झाला, तरी शस्त्रे गावोगावी दडलेलीच होती.

बिशप दिनिस सेंगुलाने यांच्या पुढाकाराने १९९५ मध्ये तेथील ख्रिस्ती मंडळाने एक निराळाच व्यवहार मांडला. ज्याने बंदूक आणून द्यावी, त्याने मोबदल्यात शिवणयंत्र, सायकल किंवा शेतीचे अवजार न्यावे. जमा झालेली शस्त्रे निकामी करून कापली जात आणि त्यांतील काही तुकडे कलावंतांच्या हाती येत. हे सिंहासन त्यांतूनच घडले.

आसनाच्या पाठीवर वरच्या बाजूस पोर्तुगीज रायफलींचे दोन दस्ते आहेत. त्यांवर डोळे आणि हसरे मुख दिसते. केस्टर यांनी ते कोरलेले नाही. स्क्रूंची छिद्रे आणि पट्टा अडकविण्याची खूण, एवढेच ते आहे. ज्या आकाराकडे सैनिकाचे लक्षही गेले नसेल, त्यात या कलावंताला दोन माणसे एकमेकांसमवेत हसताना दिसली.

या आसनातील एकही बंदूक मोझांबिकमध्ये बनलेली नव्हती. पोर्तुगाल, सोव्हिएत संघ, पूर्व युरोप, उत्तर कोरिया अशा दूरदूरच्या देशांतून ती आली होती. कोणी ती बनविली, कोणी पाठविली, कोणी हिशेब लिहिला. यांपैकी बहुतेकांनी ते सुरुंग पेरलेले शेत कधी पाहिलेही नसेल.

जैन श्रावकाचाराने हे फार पूर्वीच ओळखले. अनर्थदंडाच्या प्रकारांत ‘हिंसादान’ गणले आहे. विष, शस्त्र यांसारखी हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे हाही दोषच. वार करणारा हात दुसऱ्याचा असला, तरी साधन पुरविणाऱ्याचे खाते कोरे राहत नाही. व्यापारी कुळांसाठी हा नियम आज अधिकच सूक्ष्म झाला आहे. शस्त्रांचे दुकान कोणी मांडत नाही. परंतु गुंतवणुकीच्या कागदांतून आपला पैसा कोणत्या कारखान्यात पोहोचतो, हे किती घरांत पाहिले जाते?

मोझांबिकमध्ये हिंसा व्यापाराच्या वाटेने आली आणि काही अंशी देवघेवीच्याच वाटेने परत गेली. बंदूक देऊन शिवणयंत्र घरी नेणाऱ्या माणसाने त्या दिवशी केलेला सौदा कोणत्याही पेढीच्या खतावणीत शोभावा असा होता.