न झालेल्या लढतीचा निकाल

खेळाची आवड असलेल्या घरात एक वाद कधी संपत नाही. आमच्या वेळचा श्रेष्ठ की तुमच्या वेळचा? क्रिकेटमध्ये हा वाद निदान धावांच्या आणि सरासरीच्या आधाराने घालता येतो. मुष्टियुद्धात, त्यातही हेवीवेट गटात, तो फार जिव्हारी लागतो. तिथे श्रेष्ठत्वाचा पुरावा एकच असतो, तो म्हणजे समोरचा आडवा झाला की नाही. आणि नेमका हाच पुरावा दोन वेगळ्या काळांतल्या माणसांच्या बाबतीत मिळत नाही. मग माणसे तो कल्पनेने मिळवू पाहतात. रॉकी मार्सियानो आणि महंमद अली ऐन भरात समोरासमोर आले असते तर? या प्रश्नाने अमेरिकेला एके काळी इतके पछाडले होते की तिने त्याचे उत्तर चक्क यंत्राकडून मागवले.

२० जानेवारी १९७० च्या रात्री अमेरिकेतल्या शेकडो चित्रपटगृहांत ही लढत दाखवली गेली. तिकीट काढून आलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते की ही लढत कधी झालेलीच नाही. मार्सियानो तर हयातही नव्हता. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, शेहेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला होता. तरीही लोक श्वास रोखून पडद्याकडे पाहत होते.

ही कल्पना मायामीच्या मरे वोरोनर या निर्मात्याची. १९६७ साली त्याने रेडिओसाठी एक स्पर्धा रचली. सर्व काळांतले सोळा नामांकित हेवीवेट निवडले, प्रत्येकाचे गुणदोष आकड्यांत मांडले आणि ते संगणकाला पुरवले. संगणकाने दिलेल्या निकालांवरून, जणू लढत आता समोर चालू आहे अशा थाटात, समालोचन प्रसारित झाले. अंतिम लढतीत मार्सियानोने जॅक डेम्प्सीला हरवले. अली मात्र त्याआधीच बाद झाला होता. त्याला हरवले होते जिम जेफ्रीझने.

हे ऐकून अली भडकला आणि त्याने दहा लाख डॉलरांचा अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. एका खेळातल्या खेळाबद्दल एवढा संताप कशाला, असे वाटेल. पण हा जेफ्रीझ कोण होता ते पाहिले की संताप समजतो.

जेफ्रीझ १८९९ ते १९०५ या काळात जगज्जेता होता आणि अपराजित राहून निवृत्त झाला होता. १९०८ च्या डिसेंबरात सिडनीमध्ये जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला, आणि गोऱ्या अमेरिकेला ते सहन होईना. जॅक लंडनसारख्या कादंबरीकाराने वृत्तपत्रातून जेफ्रीझला साद घातली, की शेतावरून परत ये आणि जॉन्सनच्या चेहऱ्यावरचे हसू पुसून टाक. लेखणी धरणाऱ्या कोणालाही ही आठवण सुखावह नाही. पस्तीस वर्षांचा जेफ्रीझ वजन घटवून परतला. ४ जुलै १९१० रोजी रिनो इथे जॉन्सनने पंधराव्या फेरीत त्याचा निकाल लावला. त्या रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली उसळल्या आणि त्यांत माणसे मेली. मरणारे बहुतेक कृष्णवर्णीय होते. पुढे १९१२ मध्ये तर मुष्टियुद्धाची चित्रफीत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर कायद्याने बंदी आली.

जो माणूस १९१० साली प्रत्यक्षात एका कृष्णवर्णीय जगज्जेत्याकडून हरला, तोच १९६७ साली यंत्राच्या पोटात दुसऱ्या कृष्णवर्णीय जगज्जेत्याला हरवतो! यात कोणी मुद्दाम कट केला होता असे मी म्हणत नाही. पण अलीला ती खपली निघाल्यासारखी वाटली असेल तर नवल नाही. शिवाय त्याची वेळही पाहा. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास त्याने एप्रिल १९६७ मध्ये नकार दिला होता. त्याबरोबर त्याचे विजेतेपद गेले, परवाना गेला, पासपोर्ट गेला आणि शिक्षाही झाली. तोवर २९ पैकी २९ लढती जिंकलेल्या या पंचवीस वर्षांच्या माणसाला खऱ्या रिंगणात उतरायची बंदी होती, आणि कल्पनेतल्या रिंगणात तो हरत होता.

दावा शेवटी तडजोडीने मिटला, आणि त्यातूनच तो चित्रपट निघाला. दोघेही मोबदला घेऊन मायामीतल्या एका स्टुडिओत १९६९ साली उतरले. अली २७ वर्षांचा होता आणि त्याला पैशांची निकड होती. मार्सियानो ४५ वर्षांचा होता. निवृत्तीला तेरा वर्षे झालेली होती. त्याने कष्टाने भरपूर वजन उतरवले आणि डोक्यावर केसांचा टोप चढवला. एकेका मिनिटाच्या सत्तरच्या आसपास फेऱ्या त्यांनी चित्रित केल्या. ठोसे बहुतेक हातचे राखून मारलेले, रक्त खोटे. शेवटही अनेक प्रकारचे चित्रित करून ठेवले होते, म्हणजे संगणक जो निकाल देईल तो जोडता यावा. अमेरिकेत दाखवलेल्या प्रतीत मार्सियानो तेराव्या फेरीत अलीला लोळवतो. युरोपात मात्र अली जिंकतो असा शेवट दाखवला गेल्याची नोंद आहे. संगणक बहुधा अलाबामात बनवलेला असावा, असा टोला अलीने मारल्याचे सांगतात. अलाबामा म्हणजे वर्णद्वेषासाठी बदनाम झालेले दक्षिणेतले राज्य.

बँकेच्या नोकरीत आमच्या टेबलांवर पहिल्यांदा संगणक आला, तेव्हा एक धडा सर्वांनाच मिळाला. यंत्र बेरीज कधी चुकत नाही. पण बेरजेला काय घ्यायचे हे ते ठरवत नाही, ते आपण ठरवतो. मार्सियानो आणि अली यांच्या बाबतीत नेमके काय बेरजेला घ्यायचे? नुसती वजने घेऊ. मार्सियानो पाच फूट दहा इंच उंच आणि सुमारे ८४ किलो वजनाचा. आज क्रूझरवेट गटाची कमाल मर्यादा सुमारे ९१ किलो आहे. म्हणजे ज्याने ४९ पैकी ४९ लढती जिंकल्या, त्यांतल्या ४३ प्रतिस्पर्ध्याला निकामी करून, तो आजच्या हिशेबाने हेवीवेटच नव्हे! बरे, वजनावरच सारे ठरते म्हणावे, तर मे २०२४ मध्ये क्रूझरवेटमधून वर आलेल्या उसिकने आपल्यापेक्षा सुमारे १८ किलो जड असलेल्या टायसन फ्युरीला रियाधमध्ये गुणांवर हरवले, आणि डिसेंबरात पुन्हा हरवले.

मग नियम कोणत्या काळचे धरायचे? १९१५ साली हवानात जॉन्सनने विजेतेपद गमावले ते सव्विसाव्या फेरीत. पुढे पंधरा फेऱ्यांची मर्यादा रूढ झाली. १९८२ साली दक्षिण कोरियाचा किम ड्यूक कू चौदाव्या फेरीत कोसळून मरण पावला, त्यानंतर ती टप्प्याटप्प्याने बारावर आली. डेम्प्सीने १९१९ मध्ये विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडले. तो उठू लागला की डेम्प्सी शेजारीच ठोसा उगारून उभा असे, कारण दूरच्या कोपऱ्यात जाऊन थांबण्याचे बंधन तेव्हा नव्हते. आणि खुद्द मार्सियानो? २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात तो जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध जगज्जेतेपदासाठी लढला. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा तिन्ही परीक्षकांच्या कागदावर तो मागे होता. तेराव्या फेरीत त्याच्या उजव्या हाताचा एक ठोसा बसला आणि वॉलकॉट दोराला लटकला. आजचा नियम तेव्हा असता तर मार्सियानो त्या रात्री हरला असता, आणि मग त्याच्या अपराजित कारकिर्दीची गोष्टच उरली नसती. चित्रपटातही अली पडतो तो तेराव्या फेरीतच. योगायोग म्हणा हवे तर.

१९५५ चा रुपया आणि आजचा रुपया यांची तुलना करायला महागाईचा निर्देशांक असतो. माणसाच्या ठोशाला असा निर्देशांक नाही.

कोणी म्हणेल, यंत्र कशाला हवे, दोन काळांतली माणसे प्रत्यक्षातही भिडली आहेतच की. भिडली आहेत, पण तो इतिहास फारसा आनंदाचा नाही. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी २८ वर्षांचा मार्सियानो ३७ वर्षांच्या जो लुईसला भेटला. लुईस जवळजवळ बारा वर्षे जगज्जेता होता आणि त्याने पंचवीस वेळा विजेतेपद राखले होते. आता तो कराच्या थकबाकीपायी पुन्हा उतरला होता. आठव्या फेरीत तो दोरांबाहेर फेकला गेला. जिंकलेला मार्सियानो नंतर रडला, असे सांगतात. २ ऑक्टोबर १९८० रोजी लॅरी होम्सने अलीला, ज्याच्या सरावाचा तो कधी काळी जोडीदार होता, दहा फेऱ्या झोडपले. शेवटी अलीच्याच बाजूच्या माणसांनी लढत थांबवली. १९८८ च्या जानेवारीत होम्स ३८ वर्षांचा होता आणि माइक टायसन २१ वर्षांचा. चौथ्या फेरीत होम्स आडवा झाला. अपवाद एकच ठळक आठवतो. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी ४५ वर्षांच्या जॉर्ज फोरमनने सव्वीस वर्षांच्या मायकेल मूररला दहाव्या फेरीत लोळवून वीस वर्षांपूर्वी गमावलेले जगज्जेतेपद परत मिळवले. एरवी अशा लढतीत दोन काळ भिडतच नाहीत. भिडतात ते एकाचे तारुण्य आणि दुसऱ्याचे वार्धक्य. म्हणून तर दोघेही भरात असलेली लढत आपल्याला मनातच रचावी लागते. हा खेळ खेळू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. आजोबा आणि नातू यांना एका विषयावर तासभर बोलते ठेवणारी गोष्ट टाकाऊ कशी म्हणावी?

पण त्या यंत्राच्या निकालात एक उणीव होती, आणि ती मला सर्वांत मोठी वाटते. १९६७ साली अलीबद्दल काय माहीत होते? त्याचे पाय चपळ आहेत, हात विजेसारखे चालतात, तो बोलतो फार. तो मार खाऊ शकतो का, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते, कारण तोवर त्याला मनसोक्त मारणारा जवळजवळ कोणी भेटलाच नव्हता. ती नोंद खात्यावर पडायची होती. साडेतीन वर्षांचा वनवास संपवून तो ऑक्टोबर १९७० मध्ये परतला तेव्हा पायांतला पहिला वेग गेलेला होता. ८ मार्च १९७१ रोजी फ्रेझरने त्याला पंधराव्या फेरीत खाली पाडले. तो उठला, गुणांवर हरला. त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. ३० ऑक्टोबर १९७४ च्या पहाटे किन्शासात तो दोराला टेकून फोरमनचे घणाघाती ठोसे झेलत राहिला आणि आठव्या फेरीत, दमलेल्या फोरमनला त्याने झोपवले. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलात चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझरच्या प्रशिक्षकाने लढत सोडली, तेव्हा अलीलाही उभे राहणे कठीण झाले होते. आज आपण ज्याला अली म्हणतो, तो बराचसा या तीन रात्रींत घडला. वोरोनरच्या संगणकापाशी त्यांतली एकही रात्र नव्हती.

त्या रात्रींची किंमतही अलीने मोजली. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनचा विकार असल्याचे निदान झाले. पुढची बत्तीस वर्षे, २०१६ च्या जूनमध्ये मृत्यू येईपर्यंत, ते कापणारे हात जगाने पाहिले. मार्सियानो मात्र प्रौढ वयातच, अपराजित गेला. आता या दोघांना पुन्हा समोरासमोर उभे करायचे तर कोणता अली घ्यायचा? १९६७ चा, ज्याला कोणी स्पर्श करू शकत नव्हते, की १९७४ चा, जो स्पर्श सोसायला शिकला होता? माझे मत विचाराल तर पहिला अली मार्सियानोला गुणांवर हरवील आणि दुसरा त्याच्याशी पंधरा फेऱ्या भयंकर झुंजेल. पण हे माझे मत झाले. समोर बसलेल्या आजोबांनी मार्सियानोच्या उजव्या हाताची आठवण काढली, तर मी वाद घालणार नाही. चहा पुन्हा ठेवायला सांगेन.